पाणसळीतला बुडबुडा

बोट दोन दिवस उशिरा आली.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर खोकं:
बाराशे किलो, वरच्या दिशेला बाण,
आणि बाण खरंच वर होता, एवढं नशीब.
रोई म्हणाला, दोघं पुरेत. पहार आहे, मी आहे.
हानुस म्हणाला, तू आहेस
म्हणूनच तिसरं माणूस हवं.
तिसरी मी.

मिलिंग मशीन गरीब गाय दिसतं,
पण सगळं वजन मानेच्या वर,
वळणावर कधी आडवं होईल नेम नाही.
म्हणून आधी बोल्ट सैल केले,
डोकं फिरवत फिरवत उलटं केलं,
टेबल पार तळाला नेलं, दांडे करकचून आवळले.
चर्चच्या बुटक्या दारातून
उंच माणूस शिरावा
तसं ते आत आलं.

पट्टे ताणले तेव्हा हानुसनं हात वर केला.
टांगलेलं ओझं कुणाला ओळखत नाही, म्हणाला.
रोई मागे सरला. एक पाऊल.
माझ्याकडे बघून आणखी तीन.

जागा ठरलेलीच होती.
खिडकीखाली हानुसनं खडूनं चौकोन आखला होता,
ऑर्डर देण्याच्याही आधी, अकरा वर्षं आधी;
दर हिवाळ्यात तो परत गिरवायचा.
डावीकडून उजेड, समोर बंदर.
मी सहज पहारेचं बूड आपटलं.
ठण. ठण. ठण.
मग ढब.

हानुस गुडघ्यावर बसला, फरशीला कान लावला.
इथं आजोबांच्या होड्या ओढायचा उतार होता.
दगड, वाळू, वर चार बोटं काँक्रीट.
भराव त्यानंच टाकला होता, पंचविशीत,
आणि विसरला होता,
किंवा विसरायचं ठरवलं होतं.
खालून समुद्र अजून येतो-जातो.
कुणी काही बोललं नाही.
मग त्यानं बुटानं चौकोन पुसायला घेतला,
अर्धा पुसला.

मागची भिंत. तिथं अंधार, पण खाली खडक.
टेबल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण,
काठी धरून मापलं:
टोक आणि भिंत यांच्यामध्ये
कुणाचं पोट सापडता कामा नये.
दार उघडलं तर काम करणाऱ्याच्या पाठीत नको.
उडणारा कीस वाटेवर नको.
मागे वीजवाल्याला शिरता यावं,
आणि बाहेरही पडता यावं.

ग्रीस तपकिरी, मधासारखं घट्ट.
हीटर बंद, खिडक्या सताड उघड्या,
रॉकेल, चिंध्या, बोटं बधिर.
वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात,
डबा अंगणात, पावसात.
खालून राखाडी लोखंड निघालं,
इतकं स्वच्छ की रोईनं त्यात दात बघितले.

मग पाणसळ.
पायाखाली केसाइतके पितळी पत्रे,
एक घाला, एक काढा,
बुडबुडा हट्टी.
दुपारी एकदाचा मधोमध बसला,
तेव्हा हानुस म्हणाला, बोल्ट नको. भरती येऊ दे.
साडेसहापर्यंत आम्ही सुकं मटण खात
त्या बुडबुड्याकडे बघत बसलो.
पाणी चढलं. तो हलला नाही.

ब्योर्ग तारा जोडायला आली,
थांबवायचं लाल बटण कुठं बसवू, विचारलं.
हानुसनं डावा हात पुढे केला.
उजव्याची दोन बोटं एका हातमोज्याबरोबर गेली,
आल्बोर्गला, दुसऱ्याच्या मशीनवर.
म्हणून आमच्याकडे हातमोजे खुंटीवर राहतात
आणि माझी वेणी सदऱ्याच्या आत.

पहिल्यांदा चालू केलं तर उलटं फिरलं.
ब्योर्गनं वीज तोडली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली,
मग दोन तारांची अदलाबदल केली.
सगळ्यात कमी वेगात वीस मिनिटं,
काहीही न कापता,
ते नुसतं स्वतःशी गुणगुणत राहिलं.

हानुसनं खुर्ची उचलली,
खडूच्या उरलेल्या अर्ध्या चौकोनात ठेवली,
बंदराकडे तोंड करून बसला.
माझं वजन पेलतंय की, म्हणाला.
रोईनं शेजारी टाच आपटून बघितली.
ढब.